डोहोबाचं शेवटचं रीळ

या सदरातले किस्से मी गेली चार वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर जेवता जेवता, करमणूक म्हणून वाचतोय. पिंपळ, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... आणि प्रत्येक लेखक आधी शपथ घेतो की ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता’. मी त्याच्याही पुढे जाऊन सांगतो — माझा अजूनही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्याकडे एक साधा नियम असतो: जी चूक पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं मानून तिचं तिकीट, म्हणजे नोंद, बंद करायचं. हे एक तिकीट वर्ष होत आलं तरी माझ्याच्याने बंद होत नाहीये. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही झिंडेलफिंगेनला राहतो, स्टुटगार्टजवळ. तीन मजली, सहा बिऱ्हाडांची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर मी, माझी बायको मृणाल आणि नऊ वर्षांची मुलगी इरा. तळमजल्यावर फ्राउ हेबेर्ले, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. आणि सगळ्यांच्या खाली केलर, म्हणजे तळघर. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी फळ्यांचा एकेक कप्पा आहे, अडगळ ठेवायला, आणि कपडे वाळत घालायची एक मोठी सामायिक खोली. खिडक्या जेमतेम पाटीएवढ्या, त्यामुळे भर दुपारी दिवा लावावा लागतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझे वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा करमाळ्याच्या एका टॉकीजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होते, प्रोजेक्टर चालवायचे. आता त्यांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला आजार झालाय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुमच्याकडे बघायचं तर ते मान फिरवून भलतीकडे बघतात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षअखेरपर्यंत उरलेलंही जाईल. बाबा यावर एवढंच म्हणाले, “जन्मभर पडद्याची भाकरी खाल्ली, आता पडद्यानंच हात झटकले.”

पाडव्याच्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो आणि दार उघडलं. दाराच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर डोळ्यांसमोर, कुंकवाचं स्वस्तिक. चार टिंबांसकट. बाबांनी लवकर उठून, अंघोळ करून, चाचपडत काढलेलं. मी ओला फडका आणला आणि खसाखसा पुसून टाकलं. जर्मनीत राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो — तसल्याच एका आकाराखाली इथे काय काय झालं ते कोणी विसरलेलं नाही, आणि आपलं वेगळं, आपलं शुभ, हे जिन्यात उभं राहून पाच बिऱ्हाडांना पटवणं माझ्या जर्मनच्या आवाक्याबाहेरचं आहे.

बाबा आत चहा पीत होते. “पुसलंस व्हय?”

“बाबा, इथे नाही चालत.”

“बरं,” ते म्हणाले. “सणाचं होतं.”

पुढे तो विषय त्यांनी काढला नाही. मला मात्र त्या फडक्याची अजून लाज वाटते.

त्याच सकाळी आमच्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती — केअरवोखं. इकडच्या स्वाबियन लोकांची ही जुनी पद्धत आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना, दारापुढचा रस्ता आणि तळघर झाडायचं, आणि पाळी संपली की पाटी पुढच्याच्या दाराला अडकवायची. मी हे काम नेहमी कपाळाला आठ्या घालून करतो. बाबांनी ते आनंदानं अंगावर घेतलं. घरात बसून त्यांचा जीव आंबला होता. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, राहू द्या. तर म्हणाले, “मधलं दिसत नाय. कचरा कडंलाच असतोय.” आणि खरंच, त्या आठवड्यात आमचा जिना जितका स्वच्छ झाला तितका पूर्वी कधी झाला नव्हता.

सहा आठवड्यांनी पाळी पुन्हा आली. मे महिना, व्हिसाचे तीन आठवडे उरलेले. शनिवारी सकाळी आम्ही दोघं तळघर झाडत होतो आणि फ्राउ हेबेर्लेंच्या कप्प्यापाशी बाबा झाडू हातात धरून थांबले.

“सुहास, हितं फिल्म हाय.”

“काय आहे?”

“फिल्म रं, सिनेमाची. वास बघ की. आंबल्यावानी येतोय.”

मला नुसता तळघराचा वास येत होता. मग फळ्यांना नाक लावलं आणि खरंच... व्हिनेगरसारखा, नाकात चढणारा. बाबा म्हणाले, फिल्म मरायला लागली की असा वास सुटतो.

मी वर जाऊन बेल वाजवली. फ्राउ हेबेर्ले किल्ली घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याचं इथून जवळ, डोंगरातल्या एका गावात, छोटं थिएटर होतं. शिवाय सुटकेससारखं उघडणारं एक मशीन गाडीत टाकून ते आसपासच्या खेड्यांत सिनेमे दाखवायला जायचे. थिएटर बंद पडलं, पुढे नवरा गेला. बाईंनी सगळं विकलं, पण ते मशीन आणि एका सिनेमाचे पाच डबे त्यांना काही टाकवले नाहीत. ज्या कंपनीचा सिनेमा होता तीच बुडाली, डबे न्यायला कोणी आलं नाही. टेबलक्लॉथखाली ते डबे होते, आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पाकिटात थिएटरबाहेर लावायचा एक फोटो. मी तो बाबांच्या कानाच्या बाजूला धरला. त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला आणि हळूच पायरीवर बसले.

“डोहोबा,” ते म्हणाले.

फोटोत एक अवाढव्य प्राणी होता. माशाचं तोंड, लांब मिशा, पाठीवर शेवाळ, आणि माणसासारखे दोन पाय. पुठ्ठ्याच्या घरांमधून चाललेला. जपानी राक्षसपटांची एक लाट होती ना, त्यातला. नावाजलेल्यांपैकी नव्हे — एकच सिनेमा आला आणि विसरला गेला. त्याचं खरं नाव मी मुद्दाम देत नाहीये, कारण तुम्ही लगेच शोधायला धावाल. करमाळ्याने त्याचं बारसं ‘डोहोबा’ केलं होतं. एवढंच नाव इथे पुरे.

हा सिनेमा मी लहानपणापासून ऐकलेला. आईच्या तोंडून. बाबांचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा तो गावात आला. डोंगरातल्या एका डोहात हा प्राणी राहतो. माणसं धरण बांधायला डोह उपसतात, आणि बिचारा पाणी शोधत गावांतून हिंडतो. लष्कर मागे लागतं. शेवटी तो पुन्हा डोहात जातो. आई सांगायची, “सकाळ झाली आणि गेला बाई एकदाचा घरी.” हे सांगताना तिचे डोळे भरायचे. आम्ही भावंडं तिला चिडवायचो — आई, आत रबर घालून माणूस होता! आई म्हणायची, “असू दे की. मग तर त्याला घराची जास्त आठवण येणार.”

त्या दिवशी तळघराच्या पायरीवर बाबांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो शेवट सिनेमात नव्हताच. पहिल्या खेळाच्या दिवशी शेवटच्या रिळाचा डबा उघडला तर आत दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाचं रीळ. बाजाराचा दिवस, टॉकीज गच्च भरलेली. मालक म्हणाले, “काय बी कर, पण शेवट कर.” मग बाबांनी कात्री घेतली. दुसऱ्या रिळात डोहोबा पहिल्यांदा दिसतो आणि परत पाण्यात जातो, तो तुकडा त्यांनी कापला आणि दुसऱ्या मशीनवर चढवला; टॉकीजमध्ये दोन मशीनं असायची, एकावरचं रीळ संपलं की दुसऱ्यावरचं सुरू. चौथं रीळ संपताना, लष्कर डोहोबाला घेरतं तिथे, खटका ओढून दुसरं मशीन सुरू केलं. त्या तुकड्यात एक गंमत होती. पाण्याकडे वळताना त्याचा एका झोपडीला धक्का लागतो, ती कलंडते, आणि तो हात पुढे करून तिला सरळ करतो. आतला माणूस चुकला असणार. घरं मोडायला ठेवलेला माणूस, सवयीनं घर सावरून गेला.

“लढाई संध्याकाळची,” बाबा म्हणाले, “आन् माझा तुकडा भर दुपारचा. येकानं इचारलं नाय, संध्याकाळची दुपार कशी झाली. तुझी आई म्हनली, सकाळ झाली. म्या म्हनलं, व्हय, झाली.”

“आईला कधीच सांगितलं नाहीत?”

“सांगनार होतो. राहूनच गेलं.”

आई शेवटचे वीस दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होती. रोज एकच सांगायची — मला डोहोबासारखं घरी सोडा. बाबा रोज हो म्हणायचे. आई दवाखान्यातच गेली.

“म्या तिला खोटं दाखवलं, सुहास. आन् ती त्याच्यावर इसंबून राहिली. खरं काय होतं ते मला बघायचंय. डोळं हायेत तवर.”

मी फ्राउ हेबेर्लेंना सगळं जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी डबे उघडून पाहिले. चार रिळं चिकटून दगड झाली होती. पाचवं, शेवटचं, ठीक होतं. त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारी दाखवते. दुपारी तीनला, इथली दुपारच्या आवाजबंदीची वेळ संपली की लगेच.

आता माझी चूक सांगतो. मी टेस्टर... मला धीर कुठला. त्याच संध्याकाळी इंटरनेटवर शोधलं. जुन्या जपानी सिनेमांच्या वेड्यांचं एक पान सापडलं, त्यावर पूर्ण कथा होती. लष्कर त्याला पेट्रोलने भरलेल्या खड्ड्यात पाडतं आणि पेटवून देतं. शेवटच्या दृश्यात जळणारी मिशी. बस. डोह नाही, घर नाही.

मृणालला दाखवलं. ती म्हणाली, “हे त्यांना दाखवायचं? वेड लागलंय का तुला? सांग मशीन बिघडलं म्हणून.”

“ते ऑपरेटर होते गं. मशीन बिघडलं म्हटलं तर स्वतः दुरुस्त करतील.”

“मग फ्राउ हेबेर्लेंना सांग आजारी पडायला.”

आम्ही दबक्या आवाजात भांडत होतो, पण बाबांचे डोळे गेले होते, कान नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “तू शोधलंस ना?”

मी पोळी मोडत राहिलो.

“सांगू नगो. मरत असंल तर मरू दे. पन मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. तुझ्या आईपाशी जाताना खरं घेऊन जायचंय.”

शनिवारी इरा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. मृणाल म्हणाली, मला बघवणार नाही, मी वरच थांबते. वाळवणाच्या खोलीत आम्ही तिघंच — मी, बाबा, फ्राउ हेबेर्ले. तारेवर बाईंची पांढरी चादर, चिमटे लावून ताणलेली. खिडक्यांना पुठ्ठे. मशीन एका टेबलावर. एकच मशीन, हे लक्षात ठेवा. दुसरं त्यांच्याकडे नव्हतंच.

बाबांनी मशीनवरून हात फिरवला आणि बाईंच्या आधी फिल्म ओवून दिली. डोळे न लावता, नुसत्या बोटांनी. बाई बघतच राहिल्या.

तीन वाजले. दिवा बंद.

रंग पार उडाले होते. जुन्या रंगीत फिल्मचं असंच होतं म्हणे, निळा आणि हिरवा मरतो, उरतो नुसता गुलाबी-तांबडा. त्या तांबड्या उजेडात रणगाडे, पळणारी माणसं, जर्मनमध्ये ओरडणारा जपानी सेनापती. डोहोबा आला. मी त्याला पहिल्यांदाच हलताना पाहत होतो. एखादा थकलेला, जाडजूड माणूस पावसात भिजलेली गोधडी खांद्यावर घेऊन चालावा तसा चालत होता. घरं मोडत होता, पण मन नव्हतं त्यात. खड्डा दिसला. मी बाबांकडे पाहिलं. ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून चादरीकडे बघत होते.

सेनापतीने हात वर केला. आणि बाबा म्हणाले —

“खूण आली.”

मला वाटलं, सवयीने बोलले. जुन्या सिनेमात रीळ संपायच्या आधी उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक टिंब चमकतं, ती ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू करायची सूचना असते. पण रीळ संपायला अजून सात-आठ मिनिटं होती. मी खड्ड्याकडे बघत होतो, कोपऱ्यात काही पाहिलं नाही.

“दुसरी,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात वर करून हवेत खाली ओढला. खटका ओढावा तसा.

चादरीवर दुपार झाली.

मी जे पाहिलं तेच लिहितोय. तांबडं सगळं गेलं. निळं पाणी, हिरवं शेवाळ, वर स्वच्छ ऊन. डोहोबा पाठमोरा, डोहाच्या काठाला. वळताना झोपडीला धक्का लागला. झोपडी कलंडली. त्याने हात पुढे केला, जाड, बोटं न मिटणारा हात, आणि तिला सरळ केलं. मग पाण्यात उतरला. गुडघे, कंबर, पाठ. एका जागी चित्राने उडी मारली, जिथे कात्री लागलेल्या फिल्मच्या दोन-चार चौकटी गळतात तशी. शेवटी मिशा, आणि मग नुसते तरंग.

मग कोरी चादर. मशीन नुसतं फिरत होतं.

“झाली सकाळ,” बाबा म्हणाले. त्यांचे गाल ओले होते. “सुहास, खरंच होतं रं. म्या उगाच...” मी त्यांचा हात धरला. मला त्या क्षणी आनंद झाला नाही, खोटं कशाला सांगू. मला भीती वाटली.

फ्राउ हेबेर्ले माझ्याकडे बघत होत्या. पुटपुटल्या, “श्टिम्ट निश्ट.” हे बरोबर नाही. मग जर्मनमध्ये हळूच म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याने हे कितीतरी वेळा दाखवलंय. तो जळतो. मुलं रडत घरी जायची.” मी मान हलवली. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, “श्योन, गेल?” छान होतं, नाही का? बाबांना जर्मन येत नाही, पण ते म्हणाले, “व्हय, लई छान.”

बाबा जूनमध्ये परत गेले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर व्हीलचेअरवर बसताना मला म्हणाले, “आता डोळं गेलं तरी चालतंय.” बापाच्या तोंडून असलं वाक्य ऐकून मुलाला काय वाटतं ते मी लिहिणार नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी फ्राउ हेबेर्लेंच्या दारात. त्याही वाटच बघत होत्या. तीच चादर, तेच मशीन, तोच डबा, मध्ये कोणी हात न लावलेला. दुपारी तीन वाजता रीळ लावलं.

डोहोबा जळाला.

सेनापतीने हात वर केला, खड्डा पेटला, तो प्राणी आत कोसळला आणि पुढची सात-आठ मिनिटं जळत राहिला. सगळं तांबडं. दुपार नाही, पाणी नाही. आतला माणूस कधी बाहेर पडला असेल, आणि नुसतं रबर कधी जळायला लागलं असेल, याचाच मी विचार करत होतो. शेवटी ती मिशी. आम्ही पुन्हा लावलं. पुन्हा जळाला.

मी मनात तिकीट बंद करायला घेतलं होतं. म्हातारा माणूस, अंधारी खोली, आम्हा तिघांची एकच इच्छा — बाईंनी नवऱ्याच्या आठवणीत पाहिलं, मी आईच्या. तिघांना एकच भास... ठीक आहे, होतही असेल. पण मला बाबांचं ते ‘खूण आली’ आठवलं. मी बाईंना म्हटलं, सेनापती हात वर करतो तिथली फिल्म हातात घेऊन बघायची आहे.

बाईंनी टेबललॅम्प आणला, नवऱ्याचं भिंग आणलं. रीळ हाताने फिरवत तिथवर आलो. तिथे, चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, टाचणीने कोरलेलं काहीतरी होतं. सलग चार चौकटींवर, आणि जरा पुढे पुन्हा तसंच. मी भिंग लावलं आणि तसंच बाईंच्या हातात दिलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “हे तर तुमच्या दारावरचं.”

स्वस्तिक. तिळाएवढं. चार टिंबांसकट.

त्या म्हणाल्या, “मार्चमध्ये केअरवोखंची पाटी अडकवायला मीच वर आले होते. तेव्हा तुमच्या दारावर लाल रंगात होतं. आधी दचकले, मग ती टिंबं पाहिली. म्हटलं, हे तुमच्याकडचं असणार, कधीतरी विचारीन. दुपारी पाहिलं तर पुसलेलं.” मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, “या देशात हे कोणी कोरणार नाही. आत्ताही नाही, आणि हा सिनेमा आला तेव्हा तर नाहीच. हा डबा या देशाबाहेर कधी गेलेला नाही.”

त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन केला. शेवटाचं काहीच बोललो नाही. नुसतं विचारलं, तुम्ही खूण कशी कोरायचा? म्हणाले, “प्रत्येक ऑपरेटरची आपापली असती. कुनी गोल, कुनी फुली. माझं स्वस्तिक. रीळ बदलताना शुभ असावं म्हनून.” मी विचारलं, आणि दोनदा का? “पहिली खूण तयार ऱ्हायला. दुसरी बदलायला. दुसरी आली की थांबायचं नसतं.”

मी सगळे मार्ग तपासलेत. करमाळ्याचीच कॉपी फिरत फिरत इथे आली? तिथे हे शेवटचं रीळ पोहोचलंच नव्हतं, आणि ती कॉपी इंग्रजी होती, ही जर्मन. बाबांनी फिल्म ओवताना गुपचूप कोरलं? रिळाच्या मधोमध, दोन ठिकाणी, माझ्यासमोर, जवळजवळ आंधळ्या माणसाने? ओरखडे जुने आहेत, त्यांत वर्षांची धूळ बसलीये. ओळखीतला एक पीएचडी करणारा मुलगा सूक्ष्मदर्शकाखाली बघून हेच म्हणाला, आणि मग घाईने विषय बदलला.

डिसेंबरात बाबांची दृष्टी पूर्ण गेली. दर रविवारी फोन करतात. एखाद्या वेळी मध्येच म्हणतात, “गेला ना रं तो पान्यात?” मी म्हणतो, “गेला, बाबा. मी पाहिलंय.” ते खोटं नाही. ते अख्खं खरंही नाही. आईला सांगायचं त्यांचं राहून गेलं, तसं माझं राहून जाणार, आणि मी ते राहू देणार आहे.

यंदा पाडव्याला मी दारावर स्वस्तिक काढलं, आतल्या बाजूने, चार टिंबांसकट. इराने विचारलं, “वास इस्ट डास?” हे काय आहे? तिला सांगितलं, आजोबांची खूण आहे.

ते रीळ मी आणखी चार वेळा लावून पाहिलं. दर वेळी पहिली खूण येते, मी तयार होतो. दुसरी येते, मी हात वर करून हवेत खाली ओढतो, बाबांसारखाच. दर वेळी खड्डा पेटतो. त्या तळघरात मशीन एकच आहे. त्या दिवशी बाबांनी खटका ओढला तेव्हा दुसरं कुठे सुरू झालं, ते मला आजही माहीत नाही.